ओव्हरड्राइव्ह पडत नाही म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक व्हॅन हायवेला ऐंशीच्या वेगात गुरगुरते, शेवटचा गिअर पडतच नाही, ही तक्रार घेऊन मालक गॅरेजात गेला की त्याला पुष्कळदा एकच उत्तर मिळते: गिअरबॉक्स खोलावा लागेल. नाशिकमध्ये आम्ही हेच काम करतो आणि या उत्तराला आमचा ठाम विरोध आहे. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हा शेवटचा गिअर, न येण्याची बरीचशी कारणे गिअरबॉक्सच्या बाहेर असतात. बटण, वायर, सेन्सर, थर्मोस्टॅट, ऑईलची पातळी एवढे तपासल्याशिवाय बॉक्स खाली उतरवणे हा मालकाच्या खिशावर अन्याय आहे. शिवाय खोललेला जुना बॉक्स पुन्हा पहिल्यासारखा जमेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आपल्या पत्राचे वाचक गाडी बाळगणारेही आहेत आणि दुरुस्त करणारेही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी गाडी कोणती ते पाहावे. बाहेरून आणलेल्या जुन्या टोयोटा हायएस, एस्टिमा यांसारख्या व्हॅन आणि आपल्याकडची पेट्रोल ऑटोमॅटिक एर्टिगा (२०२२मध्ये सहा गिअरचा बॉक्स येईपर्यंतची) या चार गिअरच्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गाड्या. लिव्हरवर ओव्हरड्राइव्हचे बटण आणि मीटरमध्ये 'ओ/डी ऑफ' असा दिवा असतो. एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणारा मॅन्युअल बॉक्स) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा बॉक्स) गाडीला पुढचे काही लागू नाही.

अशा बॉक्समध्ये चौथ्या गिअरलाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तिसऱ्यात गिअरबॉक्सचा आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट सारखेच फिरतात, म्हणजे गुणोत्तर १. चौथ्यात ते साधारण ०.७ होते. आता हिशोब करून पाहा. टायरचा घेर २ मीटर धरला तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६६७ फेरे घेते. डिफरन्शियलचे (चाकांना जोर वाटणाऱ्या शेवटच्या गिअरचे) गुणोत्तर ४.१ असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे २,७३० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) फिरेल आणि चौथ्यात सुमारे १,९१०ला. म्हणजे आठशे फेऱ्यांचा फरक. हा फरक कानालाही कळतो आणि आरपीएमच्या काट्यावरही दिसतो. आपल्या गाडीचे डिफरन्शियलचे गुणोत्तर मॅन्युअलमध्ये मिळते. तेवढा एक आकडा माहीत असला की गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

इथेच पहिला गोंधळ होतो. चौथा गिअर पडल्यावर थोड्या वेळाने टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागतो आणि काटा आणखी दोन-तीनशे आरपीएमने खाली येतो. मालकाला वाटते ओव्हरड्राइव्ह येत नाही, आणि प्रत्यक्षात फक्त लॉकअप लागत नसतो. म्हणून रस्त्यावर काट्याचे उतार मोजावेत. सपाट रस्ता निवडावा. आडगाव नाका ओलांडून ओझरकडे जाताना पहाटे गर्दी नसते, तो पट्टा चांगला. पाय हलका ठेवून सावकाश वेग वाढवला की काटा पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना असा तीनदा पडतो. त्यानंतर एक लहानसा चौथा उतार येतो, तो लॉकअपचा. ऐंशीला पाय स्थिर ठेवून ओव्हरड्राइव्हचे बटण दाबावे. काटा सात-आठशेने वर उडाला तर गाडी चौथ्यात होती, गिअर शाबूत आहे. बटण दाबूनही काही फरक पडला नाही तर गाडी आधीपासून तिसऱ्यातच आहे. दुसरी खूण ब्रेकची. त्याच वेगात डाव्या पायाने ब्रेक इतकाच दाबावा की मागचे दिवे लागतील, गाडी मात्र थांबू लागणार नाही. लॉकअप लागलेला असेल तर तो सुटतो आणि काटा थोडासा वर सरकतो. मागे कोणी गाडी नसताना, आणि काटा पाहायला शेजारी दुसरा माणूस असतानाच हे करावे.

मीटरमधला दिवा काय करतो तेही महत्त्वाचे. 'ओ/डी ऑफ' स्थिर पेटला तर ओव्हरड्राइव्ह बंद आहे, बहुधा बटणानेच. दिवा उघडझाप करत असेल तर कॉम्प्युटरने दोष नोंदवला आहे, आणि तो कोड वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये. बॅटरीची वायर काढली की अनेक गाड्यांत कोड पुसला जातो. गॅरेजात गाडी शिरताच बॅटरी काढू देऊ नका. नव्या गाड्यांत स्कॅनर लागतो. पी ०७५० आणि पी ०७५५ हे शिफ्ट सोलेनॉइडचे (गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे), पी ०७४० आणि पी ०७४१ लॉकअपचे, पी ०७२० आउटपुट स्पीड सेन्सरचा, पी ०७३४ म्हणजे चौथ्या गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. पी ०७०० एकटाच दिसला तर तो फक्त सांगतो की ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळा कोड आहे. स्वस्तातल्या ब्लूटूथ अडॅप्टरला बहुधा तो आतला कोड दिसत नाही, चांगला स्कॅनर लागतो. ओबीडी दोनच्या (स्कॅनरने कोड वाचण्याच्या एकसारख्या पद्धतीच्या) आधीच्या टोयोटांत बॉनेटखालच्या डायग्नोसिस कनेक्टरमध्ये टीई१ आणि ई१ या दोन पिना वायरने जोडायच्या. इग्निशन चालू, इंजिन बंद, ओव्हरड्राइव्हचे बटण चालू स्थितीत. मग 'ओ/डी ऑफ' दिव्याचे लुकलुकणे मोजायचे. चार वेळा, थोडा थांबा, मग दोन वेळा म्हणजे कोड ४२, स्पीड सेन्सर. ६१ हा दुसरा स्पीड सेन्सर, ६२ आणि ६३ शिफ्ट सोलेनॉइड, ६४ लॉकअपचा सोलेनॉइड. दिवा एकसारखा, न थांबता लुकलुकला तर कोड नाही. पिना मात्र कनेक्टरच्या झाकणावरची नावे वाचूनच जोडाव्यात. चुकीची पिन जोडली तर कॉम्प्युटर जाऊ शकतो.

आता ज्या कारणावर आमचा सगळ्यात जास्त जोर आहे ते: थर्मोस्टॅट, म्हणजे गरम होईपर्यंत इंजिनाचे पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल (व्हॉल्व्ह). गाडी तापते म्हणून आपल्याकडे सर्रास थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकतात. त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि हायवेला इंजिन कधी पुरेसे गरमच होत नाही. आणि कॉम्प्युटरला तर शिकवलेले असते की इंजिन थंड असताना ओव्हरड्राइव्ह द्यायचा नाही. बऱ्याच टोयोटांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) साधारण ६० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत चौथा गिअर अडवलेला असतो, लॉकअपही. डिसेंबर-जानेवारीत निफाड-ओझरकडे पहाटे पारा एक आकडी होतो. अशा वेळी वॉल काढलेली व्हॅन पिंपळगावपर्यंत तिसऱ्यातच जाते, आणि उन्हाळ्यात हीच गाडी नीट चालते. मालक म्हणतो, 'कधी येतो कधी येत नाही', आणि गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट (गिअर पकडून ठेवणाऱ्या आतल्या चकत्या) गेल्या. स्कॅनरवर किंवा मोबाइलवरच्या अॅपवर कूलंटचे तापमान पाहावे. पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर ते ८०-९५च्या पट्ट्यात स्थिर हवे. हायवेला ५५-६०वर रेंगाळत असेल तर कंपनीच्या तापमानाचा नवा थर्मोस्टॅट बसवावा आणि मग पुन्हा पाहावे. गाडी तापण्याचे मूळ कारण, म्हणजे रेडिएटर चोंदणे, फॅन न फिरणे, पाण्याचा पंप, वेगळे शोधायला हवे. वॉल काढणे हा त्यावरचा उपाय नाहीच. तापमान सेन्सर खोटे सांगत असेल तरी परिणाम हाच. सकाळी थंड गाडीत इग्निशन दिल्यावर सेन्सरचे तापमान आणि बाहेरचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे.

बटणाची तपासणी पाच मिनिटांची आहे. बटणाची वायर लिव्हरच्या आतून खाली उतरते आणि प्रत्येक वेळी लिव्हर हलवला की बुडाशी वाकते. काही वर्षांनी आतली तार तुटते, वरचे आवरण मात्र साबूत दिसते. चहा किंवा कोल्ड्रिंक सांडून बटण चिकटणे हेही नेहमीचे. कन्सोल उघडून खालचा प्लग काढावा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की तो वाजतो) ठेवावा आणि बटणाच्या दोन्ही स्थितींत लिव्हर पी पासून एल पर्यंत फिरवावा. बटण न हलवता मध्येच आवाज तुटला किंवा आला तर दोष तिथेच.

ब्रेकच्या दिव्याचा स्विच अडकून राहिला तर कॉम्प्युटरला वाटते ब्रेक दाबलेलाच आहे, आणि लॉकअप कधीच लागत नाही. गाडीमागे उभे राहून पाहिले की कळते. मागे जादा दिवे किंवा एलईडी बल्ब लावताना त्या वायरीत जोड मारलेला असेल तर तोही काढून पाहावा.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो की पाय किती दाबला आहे. तो जास्त सांगू लागला तर कॉम्प्युटर समजतो गाडीला जोर हवा आहे, आणि चौथा गिअर लांबवतो. जुन्या गाड्यांत पाय सोडल्यावर सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबल्यावर चार-साडेचार व्होल्ट असतो. सावकाश दाबताना तो सलग वाढला पाहिजे, मध्येच उडी किंवा शून्य येता कामा नये. इथे आपल्याकडचा एक खास प्रश्न आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत काही जुन्या किटांची वायर थेट या सेन्सरला जोडलेली असते. तो जोड गंजला की सिग्नल बिघडतो. शिवाय गॅसवर जोर कमी, म्हणून पाय जास्त दाबावा लागतो आणि गाडी तिसऱ्या-चौथ्यात ये-जा करत राहते. आधी दहा किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवून पाहावी. पेट्रोलवर ठीक असेल तर गिअरबॉक्सकडे बोट दाखवण्याचे कारणच नाही. प्लग, एअर फिल्टर किंवा एखादा सिलिंडर मिस होणे यामुळेही हेच घडते.

ज्या जुन्या बॉक्सला थ्रॉटलपासून केबल आलेली असते तिथे केबलचा ताण पाहावा. टोयोटात थ्रॉटल पूर्ण उघडा असताना केबलवरचा स्टॉपर आणि रबरी बूट यांच्यात ० ते १ मिलिमीटर अंतर हवे. केबल ढिली असेल तर आतले प्रेशर कमी राहते आणि गिअर हळूच घसरत लागतो. अशीच गाडी चालवत राहिले की प्लेट जळतात. स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल किंवा मेलेला असेल तर स्पीड सेन्सर आणि त्याची प्लॅस्टिकची दातेरी चकती आधी बघावी.

अर्थिंगकडे फार कमी लक्ष जाते. पावसाळ्यानंतर इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांमधली पट्टी गंजलेली असते. दिवे, पंखा चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून गिअरबॉक्सच्या अंगापर्यंत व्होल्ट मोजावेत, ०.२च्या वर आले तर जोडणी घासून पुन्हा बसवावी. अल्टरनेटरचा डायोड गेला तर चार्जिंग १४ व्होल्ट दिसूनही वायरीत एसीचा (उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा) गोंधळ शिरतो आणि लॉकअप लागतो-सुटतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अल्टरनेटर उघडावा.

ऑईल बघण्याची पद्धत मालकाने स्वतः शिकावी. बहुतेक बॉक्समध्ये गाडी सपाटीवर, चांगली गरम, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या ठिकाणी फिरवून परत पी मध्ये, मग डिपस्टिक. होंडात मात्र इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत बघतात. पातळी कमी म्हणजे पंप हवा ओढतो. जास्त म्हणजे फिरणारे भाग ऑईल घुसळून फेस करतात. दोन्हीत प्रेशर पडते आणि गिअर घसरतो. लाल किंवा फिकट तपकिरी रंग ठीक. काळे आणि जळका वास म्हणजे प्लेटचे अस्तर झिजले. दुधी गुलाबी दिसले तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी ऑईलमध्ये शिरले आहे. ती गाडी पुढे एक किलोमीटरही चालवू नये, कारण पाण्याने प्लेटवरचे अस्तर सुटते.

गिअरबॉक्सचे चेंबर (तळाचे ऑईलचे भांडे) उघडले तर तळाच्या चुंबकावरचा बारीक करडा लेप नेहमीचा आहे. चमकणारे तुकडे, पितळी कण किंवा काळे अस्तराचे पापुद्रे दिसले तर आतले काम आहे. चेंबरचे बोल्ट टोयोटात जेमतेम ७ न्यूटन मीटरने आवळायचे असतात. जोर लावला की पत्रा वाकतो आणि नवे पॅकिंगही गळते. चेंबर रिकामे केल्यावर सगळे ऑईल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच राहते, म्हणून एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच बदलते. जुन्या, काळ्या ऑईलच्या गाडीला मशीनने एकदम फ्लश करू नये, साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑईलची वाट ठरवणाऱ्या भागात) अडकतो. फिल्टर बदलून, पाचशे-हजार किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढून भरावे. ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिले आहे तेच. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालते' असे सांगून डब्यातले काहीही भरणाऱ्याला थांबवा. ऑईलमधला घर्षणाचा गुण बदलला की लॉकअप लागताना साठ-सत्तरला गाडी थरथरते, रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी.

एवढे सगळे ठीक निघाले तर मग सोलेनॉइड. टोयोटाच्या शिफ्ट सोलेनॉइडचा रेझिस्टन्स २० अंशांना ११ ते १५ ओहम असतो. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर कॉइल तुटते असेही होते, म्हणून गाडी चालवून आल्यावर पुन्हा मोजावे. यानंतरची तपासणी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते आणि ती फारच थोड्या ठिकाणी होते. टोयोटाच्या एस१-एस२ सोलेनॉइडच्या बॉक्समध्ये दोन्ही सोलेनॉइडची वीज बंद असली की डी मध्ये बॉक्स आपोआप ओव्हरड्राइव्हला जातो. सोलेनॉइडचा प्लग काढून रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवावी: एल मध्ये पहिला, २ मध्ये तिसरा आणि डी मध्ये चौथा गिअर मिळाला पाहिजे. डी मध्ये चौथा नीट मिळाला, काटा हिशोबाप्रमाणे खाली आला, तर क्लच आणि पंप शाबूत आहेत, दोष वायर, सेन्सर किंवा कॉम्प्युटरकडे आहे. प्लग काढूनही चौथा नसेल तर दोष आतला. लिव्हर हलवताना वेग अगदी कमी ठेवावा, कारण कॉम्प्युटर आता सांभाळायला नाही. नंतर प्लग लावून कोड पुसावा. दुसऱ्या कंपनीच्या बॉक्समध्ये वीज तोडल्यावर बहुधा तिसरा गिअर मिळतो, तेव्हा मॅन्युअल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

आतला दोष असला तरी लक्षणे बोलतात. सकाळी गिअर उशिरा लागतो आणि गरम झाल्यावर सुधारतो, तर रबरी सील कडक झाले आहेत. थंड असताना छान आणि गरम झाल्यावर घसरतो, तर प्रेशर कुठेतरी गळते: पंप, सील किंवा झिजलेली व्हॉल्व्ह बॉडी. त्यासाठी बॉक्सवरचा प्लग काढून प्रेशर गेज लावतात. रिव्हर्समध्ये प्रेशर चौरस सेंटिमीटरला १५ किलोच्या वर जाऊ शकते, लहान गेज लावू नये. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून गाडी जागेवर धरून इंजिन रेस करण्याची चाचणी) करायची तर चारही चाकांना उटी (अडसर), हँडब्रेक, पायब्रेक आणि पाच सेकंदांच्या वर नाही. मालकाने ती घरी करूच नये.

या सगळ्यात गाडी रोज वापरावी लागते. चौथ्यात इंजिन रेस होते आणि वेग वाढत नाही असे जाणवले तर ताबडतोब ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसऱ्यात चालवा. पेट्रोल जास्त लागेल, आवाज होईल, पण बॉक्सला इजा नाही. घसरत्या चौथ्यात ओढत राहिलात तर थोड्याच अंतरात अस्तर जळते. कसारा घाट किंवा सप्तशृंगीला जाताना नांदुरीचा घाट चढताना गाडी तिसरा-चौथा करत असेल तेव्हाही बटण बंद ठेवावे. प्रत्येक अदलाबदलीत ऑईल तापते. उतारालाही बंद, म्हणजे इंजिनाचा ब्रेक मिळतो. घाटात बंद पडलीच तर दोरीने टोचन करून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाके फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात. पूर्ण गाडी चढवणारी फ्लॅटबेड बोलवावी.

आणि बॉक्स उतरवावाच लागला, तर जॉब कार्डवर वाचलेले कोड, कूलंटचे तापमान, सोलेनॉइडचे ओहम आणि प्रेशरचे आकडे लिहून मागावेत, जळलेल्या प्लेट डोळ्यांनी पाहाव्यात. बॉक्स बसवण्याआधी रेडिएटरमधला कूलर आणि त्याच्या नळ्या उलट दिशेने धुवून घ्याव्यात, कारण जुन्या प्लेटचा भुगा तिथे साठलेला असतो आणि पहिल्याच दिवशी नव्या बॉक्समध्ये परत जातो.

कळावे,
आपले,
ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करणारे काही मेकॅनिक,
नाशिक